टिचबटणावर फिरणारा पेढा

आमच्या ह्यांनी मोरीतून हाक मारली, तीही अशा आवाजात की मी हातातली कात्री तशीच टाकून धावले. हे आरशासमोर उभे. दोन्ही गालांना साबणाचा फेस, आणि तो फेस पांढरा नाही, लाल.

"कापलं बहुतेक," हे म्हणाले. "पन दुखत न्हाय."

"वस्तरा कुठाय?"

"त्येच म्हनतोय. वस्तरा अजून डब्यातच हाय."

मी ब्रशाकडं पाहिलं आणि मला हसू आवरेना. आदल्या दुपारी हाच दाढीचा ब्रश मी गुपचूप उचलला होता. हळदीच्या पाण्यात बुडवून त्यानं जाड कागद रंगवला होता, आणि धुऊन जागेवर ठेवला होता. म्हणजे मला तसं वाटलं होतं. केसांच्या बुडाशी राहिलेली हळद आता साबणाला भेटली आणि लाल झाली. हळदीचा डाग पडलेला पदर साबणानं धुणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. पुरुषांना कुठून असणार.

"रक्त नाही, हळद आहे," मी म्हटलं.

ह्यांनी आरशात एकदा स्वतःकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "परत लगीन लावतीस का काय माजं?"

"पोरगी कोण देतंय?"

हे पुढंही काही बोलत होते, पण माझं लक्ष कुठं होतं? मी त्या गालांकडं बघत होते. पिवळ्यावर लाल, कडेला नारिंगी, मध्येच एखादा बुडबुडा फुटून पडलेलं गोल. इतके दिवस मी पिवळ्या कागदावर फुलं कशी उमटवायची म्हणून डोकं खाजवत होते, आणि फुलं ह्यांच्या हनुवटीवर फुलली होती. मी त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि तशीच बाहेर पळाले. वाळलेल्या हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी शिंपडलं. एकेक थेंब पडला तिथं लाल फूल उमललं. मी हातात कागद नाचवत परत मोरीच्या दारात आले, तर हे हातानंच फेस करून दाढी करत होते. कागदाकडं बघून म्हणाले, "छान हाय. माजा ब्रश?"

ब्रश मी दिला नाही.

हे कार्डांचं वेड मला लागलं ते मोबाईलमुळं. कन्हेरीत माझ्या वयाच्या बायका मोबाईलवर कीर्तन ऐकतात, नाहीतर नातवंडांचे फोटो बघतात. मला एकदा कुठल्याशा परदेशी बाईचे दोनच हात दिसले. तोंड नाही, नुसते हात. त्या हातांनी कोऱ्या कार्डावर शाई घासली, निळ्यातून जांभळं, जांभळ्यातून गुलाबी, असं संध्याकाळचं आभाळ केलं. मग कडेची कागदी पट्टी ओढली तर आभाळातून चंद्र वर आला. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की ह्यांनी विचारलं, "ती बाई दुसरं काय करत न्हाय का?"

त्या बाईकडं शाईच्या डब्यांची रांग होती, मऊ ब्रशांची रांग होती. माझ्याकडं स्वयंपाकघर होतं. पिवळ्याला हळद, निळ्याला कपड्यांची नीळ, गुलाबीला आळता. काळपट करड्या रंगासाठी डाळिंबाची सालं लोखंडी कढईत उकळायची, की असा झकास रंग उतरतो की कढई सुनेनं मागितली तर लपवावी लागते. ओल्या रंगावर मीठ टाकलं की चांदण्या पडतात. कढीपत्त्याची डहाळी ठेवून वरून दात घासायच्या ब्रशानं नीळ उडवली की पांढरी डहाळी उरते. हे सगळं मी एकटीनं शोधलं, असं मी सगळ्यांना सांगते. त्यातलं थोडं त्या हातांनी दाखवलं होतं, पण ते हात काही कन्हेरीला येऊन मला खोटं पाडणार नाहीत.

आणि कागद? कागदाची आमच्याकडं काय कमी. आमच्या भागात लग्नपत्रिकेवर आशीर्वाद देणाऱ्यांची नावं जितकी जास्त तितका कागद जाड. एका हंगामातल्या पत्रिका साठवल्या तर वर्षभराची कार्डं निघतात. छापलेली बाजू आत, कोरी बाजू बाहेर, कडेला गव्हाच्या पिठाची खळ.

पहिलं हलणारं कार्ड केलं सुनेच्या वाढदिवसाला. खाली पट्टी, ती ओढली की रानातून ऊस वर येतो, असं. सुनेनं पट्टी इतक्या जोरात ओढली की ऊस मुळासकट तिच्या हातात आला. ती शांतपणे म्हणाली, "आई, तोड झाली." तेव्हापासून मी पट्टीच्या आतल्या टोकाला आडवा तुकडा लावायला शिकले. फिरत्या चकतीला मधोमध काय लावायचं ह्यावर बरेच दिवस घातले. टाचणी टोचते, सुतळी सुटते. शेवटी ब्लाऊजचं टिचबटण लावलं. एक बाजू चकतीला, एक बाजू कार्डाला, दाबलं की टिच, आणि चकती गिरगिर फिरते. त्या दिवशी मी जेवले नाही, नुसती चकती फिरवत बसले.

अशा ऐन उत्साहात कळसला दिलेल्या थोरल्या नातीचा फोन आला.

तिला सातवा महिना लागला होता. डोहाळजेवण ठरलं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, कमान, सगळं होणार होतं. मी म्हटलं, "मग आवाज असा का?"

"आजी, तो वाट्यांचा खेळ मला नको."

खेळ सगळ्यांना माहीत आहे. दोन वाट्या पालथ्या ठेवायच्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशी बाई एक वाटी उचलते. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. त्याला काही अर्थ नाही हे सगळ्या जाणतात आणि सगळ्या माना लांब करून बघतात.

"तू माझ्या जावेचा फोटो बघितलास का?" नात म्हणाली. "तिच्या डोहाळजेवणातला?"

बघितला होता, पण नीट नाही. नातीनं पाठवला. जावेच्या हातात उचललेली वाटी, खाली बर्फी. ती हसतेय, कारण कॅमेरा तिच्यावर आहे. मागच्या बायकांना कॅमेऱ्याची आठवण नव्हती. एकीची मान वळलेली, एकीनं ओठ आत घेतलेले, आणि सासूबाईंचा चेहरा तर दूध उतू गेल्यासारखा.

"कुणी काही बोललं नाही गं," नात म्हणाली. "लक्ष्मी आली, लक्ष्मी आली, असंच म्हणाले. आणि आता त्या पोरीवर सगळ्यांचा जीव आहे. पण फोटो आहेच ना. ती मोठी झाल्यावर बघेलच की, आपण यायच्या आधीच सगळ्यांनी असं तोंड केलं होतं. माझ्या बाळाचा असा फोटो मला नको."

"मग खेळू नको."

"आजेसासूबाई ऐकतील? त्या म्हणतात आमच्यात वाट्या उघडल्याशिवाय बाई ताटावरून उठत नाही. वर म्हणतात, औंदा पेढा निघतोय." मग ती म्हणाली, "तू खाऊन टाकलंस तसं मीही केलं असतं. पण मला गोड बघितलं तरी मळमळतं."

आता हे खाऊन टाकण्याचं प्रकरण सांगायला हवं, कारण आमच्या घरात त्याची पोथी झालेली आहे.

माझं डोहाळजेवण झालं तेव्हा मी, म्हणजे तेव्हाची ती शहाणी, मॅट्रिकच्या उंबऱ्यावरून परत आलेली, दोन कादंबऱ्या वाचलेली, स्वतःला फार समजत असे. भुवई उचलून बोलायची. कुणी "जेवलीस का" विचारलं तरी उत्तर असं द्यायची की जणू प्रश्न पेपरात छापून आलाय. वाट्या पुढं आल्यावर तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्या अंधश्रद्धा आहेत." सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही, नुसती वाटी पुढं सरकवली. मग तिनं काय केलं? वाटी अशी तिरकी उचलली की कुणालाच खालचं दिसेना, आणि खाली जे होतं ते एका घासात तोंडात टाकलं. कन्हेरीभर झालं, काय धीट सून आहे, आल्याआल्या रूढीवर पाय दिला.

खरं काय होतं ते ऐका. तिला भूक लागली होती. सकाळपासून नटवून बसवली होती, समोर पंचपक्वान्नं, आणि ओटी भरल्याशिवाय घास नाही. खव्याचा वास आला आणि क्रांती झाली. बरं, इतक्या घाईनं गिळलं की पेढा होता का बर्फी, ते तिलाही कळलं नाही. ह्यांनी रात्री विचारलं तर तिनं भुवई उचलून सांगितलं, "काय फरक पडतो?" ह्यांना ते इतकं थोर वाटलं की ते अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगतात. मी शेजारी बसून गंभीर चेहरा करते.

तर नातीला ती क्रांती जमणार नव्हती. पण फोन ठेवायच्या आतच माझ्या डोक्यात टिचबटण टिच झालं.

"वाट्या मी आणते," मी म्हटलं. "तू फक्त पट्टी ओढ."

"कसली पट्टी?"

मी सांगितलंच नाही. त्या चार-आठ दिवसांत मी घरात कुणाला काही सांगत नव्हते, नुसती गुणगुणत होते. कार्ड केलं ते ताटाएवढं मोठं, मागच्या रांगेतल्या बाईला दिसायला हवं म्हणून. सगळी पार्श्वभूमी हळदीची, दाढीच्या ब्रशानं गोल गोल घासत आणलेली. मध्यावर फिकट, कडेला गर्द, दुपार कलल्यावरचं ऊन पडतं तशी. वर साबणाच्या थेंबांची लाल फुलं, खाली डाळिंबाच्या रंगाची जमीन. मध्ये पाळणा. पाळण्याखाली दोन वाट्या, त्या झडपेसारख्या उघडणाऱ्या. आणि झडपांच्या मागं चकती. चकतीवर पेढा, बर्फी, पेढा, बर्फी, अशी चित्रं. वाटी उघडली की एक दिसणार. पट्टी ओढली की चकती सरकून दुसरं दिसणार. परत ओढली की परत पहिलं. कुठल्याही वाटीत दोन्ही. ओढणाऱ्या बाईच्या हातात सगळं. आता करा म्हणावं तोंडं.

चित्रासाठी नमुना हवा म्हणून बारामतीहून ह्यांना पेढा आणि बर्फी आणायला लावली. एकेकच. मी बशीत ठेवली, पेन्सिलीला टोक काढायला उठले, परत आले तर बशी रिकामी.

"तुजं काढून झालं असंल म्हनलं," हे म्हणाले.

"दोन्ही खाल्ली?"

"एकटी बर्फी कशी बरी दिसंल."

"जुळं होणार तुम्हाला," मी म्हटलं, आणि पेढा आठवणीनंच काढला. हे बघून म्हणाले, "ही तर ज्वारीची भाकरी वाटती." मग मी वर केशराच्या काड्या काढल्या. भाकरीवर केशर कोण घालतं.

कार्ड झालं. चकती लोण्यासारखी फिरत होती. मी सुनेकडून ओढवून घेतलं, मुलाकडून ओढवून घेतलं, दूध घालायला आलेल्या बाईकडून ओढवून घेतलं. तिनं विचारलं, "काकू, ह्यात काय जिकायचं असतंय?"

शहाणी बाई इथंच थांबली असती. पण निघायच्या दिवशी सकाळी आंघोळ करताना मला वाटलं, पाळण्यावर चंद्रकोर हवी. केस ओलेच, तशीच बसले, चांदीच्या वर्खाच्या कागदाची कोर कापली आणि खळ लावून चिकटवली. वाळायला वेळ नव्हता म्हणून वरून दाबली. मुलगा बाहेर हॉर्न वाजवत होता. गाडीत सून पुढं, आम्ही दोघं मागं, कार्ड माझ्या मांडीवर. बारामती ओलांडून इंदापूरच्या रस्त्याला लागलो, पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. तिथं ह्यांनी फार समजूतदारपणे ओटीची फळांची परडी उचलून माझ्या मांडीवर, नेमकी कार्डावर ठेवली. "हालायला नको," म्हणाले. मला गहिवरून आलं. ओली खळ आणि वर परडी, ह्याचं काय होणार हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आलं नाही. म्हणजे बघा, ती शहाणी कुठं गेलेली नाही. नुसती म्हातारी झालीय.

कळसच्या घरात मांडवाखाली बायका मावत नव्हत्या. नात हिरव्या साडीत, मोगऱ्याच्या बाजूबंदात, कमानीखाली खुर्चीवर. मला बघून तिनं नुसत्या डोळ्यांनी विचारलं. मी कार्डावरचा रुमाल थपथपवला.

आणि मागं, घराच्या उंबऱ्याला टेकून, आजेसासूबाई. माझ्याच वयाच्या असतील, पण त्यांच्यापुढं मला अजून शाळेत उभं केल्यासारखं वाटतं. नातीच्या लग्नात त्या मला म्हणाल्या होत्या, "विहीनबाय, तुमची मान दुकत न्हाय व्हय, येवडी वर धरून?" मांडीवर पान-सुपारीची चंची उघडलेली, पानाला चुना लावणं चाललेलं. मालक गेल्यापासून त्या ओटीच्या वेळी पुढं येत नाहीत. कुणी सांगायच्या आधीच आपण होऊन उंबऱ्याशी बसतात. बसून हुकूम मात्र सोडतात.

ओटी भरून झाली. "वाट्या आना आता," उंबऱ्यावरून हुकूम आला. नातीची सासू आत निघाली, तशी मी उठले.

"वाट्या मी आणल्यात," मी म्हणाले आणि रुमाल काढला.

काय सांगू, किती बरं वाटलं. बायका अशा पुढं झुकल्या की कमान हलली. "आयाया, फुलं बग," "हातानं केलंय व्हय," "पाळना हलतोय का?" नातीनं कार्ड मांडीवर घेतलं, माझ्याकडं बघून हसली, आणि डावी वाटी उघडली. मोबाईल वर झाले.

वाटीखाली अर्धा पेढा आणि अर्धी बर्फी होती.

"हे काय हाय?" पुढची बाई म्हणाली. "अर्दं गोल आन अर्दं चौकोनी."

"जुळं दिसतंय," दुसरी म्हणाली.

नातीनं पट्टी ओढली. हलेना. परत ओढली. चंद्रकोरीची खळ परडीच्या वजनानं खाली उतरून चकतीला धरून बसली होती. मी पुढं होऊन टिचबटण चाचपलं. नुसता कर्र असा आवाज आला. बायका हसायला लागल्या, वाईट नव्हे, पण हसायला लागल्या. आणि नातीची सासू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मी खऱ्या वाट्या आनते, आत भरूनच ठेवल्यात."

नातीचा चेहरा मी बघितला. तो तसाच झाला होता, फोटोतल्या जावेसारखा. कॅमेऱ्यासाठी हसरा.

"थांब गं," उंबऱ्यावरून आवाज आला. "आना हिकडं. तुमच्या हातात जोरच न्हाय."

कार्ड हातोहात मागं गेलं. आजेसासूबाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग नाकाजवळ नेलं. मग मांडीवर ठेवलं, एका हाताचा अंगठा पाळण्याच्या वर, चंद्रकोरीशेजारी, चांगला दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पट्टी ओढली. पट्टी हलली नाही. त्यांनी अंगठा उचलला.

पिवळ्यावर लालभडक अंगठा उमटला होता. कुंकवाचा असावा तसा.

चुन्याचं बोट हळदीला लागलं, एवढंच झालेलं. पण त्या घरात त्या बाईच्या हाताखाली कुंकवाचा रंग कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. ज्या ओटीपासून त्या आपण होऊन लांब बसल्या होत्या, ती ओटी त्यांच्या मांडीवर जाऊन लाल झाली होती. नातीची सासू कार्ड घ्यायला म्हणून वाकली आणि तशीच थांबली.

आजेसासूबाईंनी अंगठ्याकडं बघितलं. मग सगळ्यांकडं.

"बगा बया," त्या म्हणाल्या. "मला चालत न्हाय म्हून ह्या कागदाला कुनी सांगितलंच न्हाय वाटतं."

आधी नातीची जाऊ हसली. मग बाकीच्या. आणि ह्या हसण्यात माझी नात खुर्चीवरून उठली. सातव्या महिन्यातलं पोट, त्यावर ती फुलं, ती सांभाळत सांभाळत मागं गेली आणि उंबऱ्याशी जमिनीवर बसली. कपाळ पुढं केलं.

"मलाबी लावा."

"माज्या हातचं?" आजेसासूबाई म्हणाल्या. आता त्यांचा तो हुकमाचा आवाज नव्हता.

"कागदाला चाललं की."

म्हातारीनं चंचीकडं बघितलं, आपल्या सुनेकडं, म्हणजे नातीच्या सासूकडं, बघितलं. तिनं ओटीच्या ताटातली हळद उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी चुन्याचं बोट तीत फिरवलं. लग्नात ओवाळायला आपण लाल पाणी करतो तोच रंग. आणि नातीच्या कपाळावर बोट टेकवलं. नीट मधोमध टेकवलं आणि लगेच उचललं नाही.

त्यानंतर जे झालं त्याला डोहाळजेवण म्हणायचं का जत्रा, मला माहीत नाही. जावेची पोरगी, तीच ती बर्फी, मध्ये घुसून "मला, मला" करायला लागली. तिचं बोट चुन्यात बुडवून कार्डावर टेकवलं तर लाल ठिपका उमटला, आणि ती अशी किंचाळली की बाहेर बसलेले पुरुष डोकावले. मग सगळ्यांनाच बोट लावायचं होतं. माझी ऊन कललेली दुपार, दाढीच्या ब्रशानं आठवडाभर घासलेली, बघता बघता बोटांनी भरून गेली. एका बाईनं पंगतीच्या पानावरचं लिंबू पिळून आपलं बोट परत पिवळं करून दाखवलं, तर त्यावर वेगळीच झुंबड. मला वाईट वाटायला हवं होतं. मी चुन्याची डबी फिरवत होते.

पंगत अर्ध्यावर आली तेव्हा नातीच्या सासूला एकदम आठवलं. "अगं बया, वाट्या ऱ्हायल्या की. आत पेढा आन बर्फी झाकून ठेवलीया."

"ठिवली व्हती," आजेसासूबाई म्हणाल्या. "मी खाल्ली."

"दोन्ही?"

"मला दात न्हाईत. मऊ तेवडंच काय ते खाती."

नातीला असा ठसका लागला की तिला पाणी द्यावं लागलं. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ह्यांनी तिथंच ती जुनी पोथी सुरू केली असती.

निघताना आजेसासूबाईंनी मला जवळ बोलावलं. मी म्हटलं, "चुन्याचं बोट लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघा. नाहीतर हळद वापरलीच नसती."

"तुमच्या न्हाय आलं," त्या म्हणाल्या. "डोळं निम्मं गेल्यात माजं, विहीनबाय. नाक न्हाय गेलं. कागद हातात आला तवाच हळद म्हनली, मी हाय."

मी खाली त्यांच्या शेजारी टेकले.

"मागल्या वक्ताला ती पोरगी कॅमेऱ्याम्होरं हासत व्हती," जावेकडं मान करून त्या म्हणाल्या. "मी हितनं बगत व्हते. परत न्हाय बगायचं म्हनलं." मग कुटलेलं पान तोंडात टाकून, आवाज पूर्वीसारखा करून, "तुमचं ते चाक मातूर बेकार हाय. खळ जास्त झाली."

चाक बेकार. इतका मान वर धरून मिरवलेला माझा उत्साह, त्याला मिळालेलं बक्षीस हे. परतीच्या वाटेवर मी ह्यांना तेच तेच सांगत होते आणि हसत होते. हे म्हणाले, "येवडं काय झालं? चाक तर चाललं न्हाय."

"म्हणूनच," मी म्हटलं.

नातीनं दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला. मधोमध ती, तोंडात घास, डोळ्यांत ठसक्याचं पाणी. शेजारी तिच्या आजेसासूबाई, आणि भोवती सगळ्या बायका आपापलं लाल बोट वर करून. कॅमेऱ्याकडं एकीचंही लक्ष नाही.

बारशाला पाळणा हलणारं कार्ड हवं, असा कळसहून हुकूम आलाय. ह्यांनी नवीन ब्रश आणलाय आणि तो कुठं लपवलाय ते मला ठाऊक आहे. जुनं कार्ड तिथंच राहिलं. त्यावरची बोटं आता विटकरी झालीत म्हणे. पण हाताळून हाताळून खळ सुटली आणि चकती फिरायला लागली. जावेची पोरगी दिवसभर ती घेऊन बसते. वाटी उघडते, पट्टी ओढते, पेढा म्हणते, बर्फी म्हणते, पेढा, बर्फी, आणि कंटाळा आला की फट्‌कन वाटी झाकून सगळ्यांना सांगते, "खाल्ली."